एका काडीत चूल

माझं "हूं" फार लहान असतं. तोंड न उघडता, मान जराशी खाली घालून म्हटलेलं. समोरच्याला ते हो वाटतं. ते खोडून काढायचं तर दोन-तीन वाक्यं बोलावी लागतात, म्हणून मी ते तसंच राहू देते. अशाच एका हूंमुळे मी जंगलात आग पेटवायची शिक्षिका झाले.

जे. पी. नगरातल्या एका अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावर मी स्वयंपाकाला जाते. घर पुण्याचं. नवराबायको दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात आणि त्यांना मराठी बोलणारी बाई हवी होती. पहिल्या दिवशी मी सवयीने त्यांना अक्का आणि अण्णा म्हटलं. बाई हसून म्हणाल्या, "अहो, आपण मराठी माणसं ना? ताई-दादा म्हणा." मी हूं म्हटलं. त्या मला मावशी म्हणतात. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत, तेही मावशी म्हणतात. कामाच्या बाईचं वय विचारायची पुण्यात पद्धत नसावी.

एका सकाळी मी भाकरी करत होते. तव्यावरून काढून ज्योतीवर टाकली, ती टम्म फुगली. ताई कॉफीचा कप घेऊन बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "किती छान. गावाकडे तुम्ही सगळं चुलीवरच करत असाल ना, मावशी?"

"हूं."

आता खरं काय ते लिहिते. माझं गाव जयनगर, म्हणजे याच शहरातली एक वस्ती. आमचे लोक कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आले असं वडील सांगत. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही मोजता येत नसे. फौज परत गेली की नाही ठाऊक नाही, आम्ही राहिलो. महाराष्ट्र मी पाहिलेला नाही. शाळेत चौथीपर्यंत कन्नड शिकले, आणि मराठी अक्षरं वडिलांनी त्यांच्या शिंप्याच्या दुकानात कापडाच्या चिंध्यांवर खुणेच्या खडूने शिकवली. घरी गॅस होता. चूल एकच होती, न्हाणीघरात, पाणी तापवायच्या तांब्याच्या हंड्याखाली. ती वडील पेटवत. आम्हा मुलींना परकर पेट घेईल म्हणून जवळ येऊ देत नसत. पुढे हीटर आला आणि हंड्यात तुळस लावली.

म्हणजे चूल पेटवण्याचा माझा अनुभव ताईंइतकाच होता. त्यांनी निदान व्हिडिओ तरी पाहिले होते.

व्हिडिओ खरं तर दादांचे. दादांना दोन वर्षांपासून जंगलात राहायला शिकायचा नाद लागला आहे. त्यांची एक पँट आहे, तिला चौदा खिसे आहेत. मशीनला लावण्याआधी ते मीच रिकामे करते, म्हणून आकडा नक्की माहीत आहे. एकात शिट्टी, एकात दोरी, एकात ठिणग्या पाडायची लोखंडी कांडी आणि एकात होकायंत्र. लिफ्टमधून गेटपर्यंत जाताना त्याचा उपयोग होत असावा. मशीनच्या जाळीत कपड्यांचा जो कापसासारखा मळ अडकतो, तो ते आग पेटवायला म्हणून एका डबीत जपून ठेवतात. ती डबी जिऱ्याच्या डबीशेजारी असते. दोन्ही डब्या सारख्या आहेत, आणि ही गोष्ट मला फोडणी टाकतानाच कळली.

रात्रीच्या जेवणाआधी ते टेबलाशी बसून सुरीने लाकडाच्या काडीवर पिसं काढत. काडी तासायची, पण ढलप्या तोडायच्या नाहीत, कुरळ्या करून काडीलाच लटकत ठेवायच्या, म्हणजे ती लवकर पेटते. दादांच्या सगळ्या तुटत. एकदा एक ढलपी आमटीत पडली. दादांनी ती बराच वेळ चावली आणि कढीपत्ता समजून ताटाच्या कडेला ठेवली.

अपार्टमेंटातली पंधरा-वीस माणसं महिन्यातून एका रविवारी कनकपुरा रोडच्या पुढे एका शेतावर जातात. तिथे झाडांना ताडपत्री बांधतात, सावलीवरून दिशा ओळखतात, कुठला पाला खाऊ नये ते मोबाईलवर बघतात. दुपारी बाहेरून बिर्याणी येते. दादा त्यांचे पुढारी. फक्त मागच्या दोन खेपांना आग काही लागली नव्हती. दादांच्या म्हणण्याप्रमाणे हवेत आर्द्रता होती.

"आपण मावशींनाच नेऊ या की," ताई म्हणाल्या. "ऑथेंटिक होईल."

दादा खुर्चीत सरळ बसले. "बेसिकली एक डेमो. एकच काडी. वन मॅच फायर. मग त्याच चुलीवर पिठलं-भाकरी. तीन आठवडे आहेत. जमेल ना मावशी?"

मी कणीक झाकून ठेवत होते. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. बाहेर पडलं ते हूं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो रिक्षा चालवतो. दिवसभर लोकांचं ऐकून घेतो, म्हणून घरी आल्यावर बोलतो.

"तू? तुला देवापुढचं निरांजन लावायला तीन काड्या लागतात."

"शिकेन."

"त्यापेक्षा सांग ना त्यांना, येत नाही म्हणून. एवढंच वाक्य आहे."

"ते जास्त अवघड आहे."

त्याने थोडा विचार केला. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली आहेत. "सरी, बरं," तो म्हणाला. "मग जाळ जंगल. आपली गच्ची तेवढी सोड."

मी गच्चीवरच सुरुवात केली. बनशंकरीत आम्ही वरच्या खोलीत भाड्याने राहतो आणि दुपारी तीनला गच्चीवर कोणी नसतं. वडील हंड्याखाली नारळाची सोडणं घालत एवढं मला आठवत होतं. म्हणून कोपऱ्यावरच्या एळनीरवाल्याकडे गेले आणि पाणी पिऊन लोकांनी टाकलेली शहाळी मागितली. त्याला ती रोज टाकायची कुठे हाच प्रश्न असतो. त्याने पोतं भरून दिलं आणि उद्याही ये म्हणाला.

शहाळं हाही नारळच, अशी माझी समजूत. अर्धी काडेपेटी संपली तेव्हा लक्षात आलं की हे जळत नाहीये, शिजतंय. आतून पाणी सुटत होतं, फसफस आवाज येत होता, आणि गच्चीभर उकडलेल्या भाजीचा वास सुटला होता. नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, "आज काय केलंयस?" मी म्हटलं, आग. तो म्हणाला, "भोपळ्यासारखी झालीय."

दुसऱ्या खेपेला लाकूड आणलं. विजेच्या तारांखालच्या गुलमोहराच्या फांद्या छाटून कोणीतरी फुटपाथवर टाकल्या होत्या. चांगल्या जाड पाहून घेतल्या, पानं काढली, ढीग रचला, कागद घातला. कागद जळला. त्यानंतर असा धूर निघाला की शेजारच्या टाकीवरची कबुतरं उठून गेली. खालून घरमालकीण वर आल्या. मला वाटलं आता खोली गेली. त्या डोळे पुसत ढिगाकडे बघत राहिल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "काय गं, होम करतेस?"

"हूं."

त्या लगबगीने खाली गेल्या आणि तुपाची वाटी घेऊन आल्या. आमच्याही नावाने घाल म्हणाल्या, आणि हात जोडून उभ्या राहिल्या. घातलं. ओल्या फांद्यांना तुपाचं काही नव्हतं, पण खालच्या कागदाला होतं. भपकन ज्वाळा वर आली आणि माझ्या पदराचं टोक घेऊन गेली. मालकीणबाईंना हा शुभशकुन वाटला. प्रसाद कधी देतेस म्हणून त्या दोन दिवस विचारत होत्या. शेवटी मी शिरा करून दिला.

त्या होमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अपार्टमेंटच्या गेटपाशी इस्त्रीवाल्या अक्काने मला थांबवलं.

गेटच्या डाव्या हाताला होंगेचं, म्हणजे करंजाचं, मोठं झाड आहे, त्याच्याखाली तिची चारचाकी गाडी उभी असते. तिची इस्त्री कोळशाची, पाच किलोची तरी असेल. सकाळी साडेसहाला ती एका पत्र्याच्या शेगडीत कोळसे पेटवते, लाल झाले की इस्त्रीच्या पोटात भरते, आणि दुपारपर्यंत अख्ख्या अपार्टमेंटचे शर्ट कडक करते. चार वर्षं मी तिच्यासमोरून जात होते. रोज मान हलवायची, ती पण हलवायची.

तिने हवेत नाक फिरवलं. "काल कुठे जळत होतीस?"

आम्ही कन्नडमध्ये बोलतो. इथे मी मराठीत लिहितेय. तिला मी सगळं सांगितलं, शहाळ्यापासून तुपापर्यंत. एरवी मी एवढं बोलले नसते, पण अक्का बोलताना माणसाकडे बघत नाही, कॉलरकडे बघते. त्यामुळे बोलणं सोपं जातं. शहाळ्यापाशी तिने इस्त्री उचलून बाजूला ठेवली, कारण हसताना शर्ट जळला असता.

"शहाळं जाळलं," ती म्हणाली. "मी चाळीस वर्षांत एवढ्या बायका पाहिल्या, शहाळं जाळणारी नाही पाहिली. उद्या साडेसहाला ये."

मग तिने झाडाकडे बोट दाखवलं. बुंध्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक इंग्रजी कागद चिकटवला होता. वॉचमनने तो तिला वाचून दाखवला होता. इस्त्रीच्या गाडीच्या धुराचा रहिवाशांना त्रास होतो, तरी महिनाअखेर गाडी इथून हलवावी. खाली कमिटीच्या वतीने सही होती, आणि ती कोणाची ते वॉचमनने मला सांगितलं. यंदा दादा कमिटीत आहेत.

"हलवून नेऊ कुठे?" अक्का म्हणाली. "पुढच्या क्रॉसला दुसरी बसते. मागे गटार. या झाडाखाली मी ही इमारत उठायच्या आधीपासून आहे, तेव्हा इथले गवंडी माझ्या शेगडीवर बीडी पेटवायचे." तिने पुढचा शर्ट घेतला. "तू त्यांच्या घरात जातेस. त्या बाईला स्वल्प सांग माझं."

"हूं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून माझी सकाळ दोनदा शाळेत जाऊ लागली. साडेसहाला गेटवर, साडेसातला चौथ्या मजल्यावर.

अक्का काहीच समजावून सांगत नाही. ती चुकू देते आणि मग हातावर मारते. पहिल्या दिवशी तिने मला शेगडी भरायला सांगितली. मी कोळसे तोंडापर्यंत रचले, बरण्या भरतात तसे. काडी लावली, विझली. परत लावली, विझली. "आत बसमध्ये भरतात तशी गर्दी केलीस," ती म्हणाली. "तिला श्वास कुठून येणार?" मग तिने अर्धे कोळसे काढून टाकले, खाली सुकी करवंटी फोडून घातली आणि खालच्या भोकापाशी विंझणा धरला. मी वरून वारा घालत होते. हातावर बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सुक्या काटक्या आणायला पाठवलं. मी जमिनीवरून गोळा केल्या. तिने एकेक वाकवून पाहिली आणि फेकून दिली. "टचकन मोडली तर घे. वाकली तर ती अजून झाडच आहे, सोड. आणि खालचं काय उचलतेस? जमिनीत ओल असते. झाडावरच जी मेलेली फांदी अडकून राहते, ती वाऱ्यावर सुकते. मान वर करून चाल." मान वर करून चालणं हे माझ्यासाठी आगीपेक्षा नवीन होतं.

तिच्या गावी तिने वीस वर्षं तीन दगडांवर रांधलं होतं. पावसात, ओल्या अंगणात, पोटाशी पोर बांधून. ताईंच्या डोक्यात जी गावाकडची बाई होती, ती खरोखरच होती. फक्त ती चौथ्या मजल्यावर नव्हती. ती गेटवर होती आणि तिला नोटीस दिली होती.

रोज धडा सुरू व्हायच्या आधी ती विचारायची, "सांगितलंस?"

"हूं."

"काय म्हणाली?"

"बघते म्हणाली."

मी काही सांगितलं नव्हतं. प्रयत्न केला होता. एकदा ताई फोनवर बोलत होत्या तेव्हा मी हातात डाव घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले, फोन संपेपर्यंत. त्यांनी मागे वळून पाहिलं. "काय मावशी?" मी म्हटलं, "मीठ संपलंय." मीठ होतं. ताईंनी त्याच दिवशी तीन प्रकारचं मीठ मागवलं, त्यातलं एक गुलाबी. दुसऱ्या खेपेला मी दादांपुढे उभी राहिले. त्यांनी माझ्या नुसत्या उभं राहण्यावरून ओळखलं की मला सुट्टी हवी आहे, आणि ती देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी मी घरी बसले आणि मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात माझी आग लागू लागली. पाचांतून तीनदा. अक्का म्हणाली, "आता तुला येतं. म्हणजे आता चुका नीट दिसतील." नोटिशीला आठ दिवस उरले होते.

रविवारी सकाळी आम्ही गाड्यांतून शेतावर गेलो. आदल्या दिवशी भुरभुर झाली होती आणि माती ओली होती. सगळ्यांनी मातीच्या रंगाचे कपडे घातले होते, ते नवीन असल्याने मातीत उठून दिसत होते. दादांनी प्रथम ताडपत्री बांधून दाखवली. गाठीचं नाव इंग्रजीत होतं आणि लांब होतं. सगळे तिच्याखाली फोटोसाठी उभे राहिले, तेव्हा ती गाठ सुटली आणि ताडपत्रीच्या पोटात साठलेलं पाणी पुढच्या रांगेवर आलं. दादा म्हणाले, "गुड. हेच शिकायचं असतं." हे मात्र ते बरोबर बोलले, मला वाटतं.

मग आग. दादांनी मळाची डबी उघडली, कांडी काढली आणि सुरीने घासायला बसले. ठिणग्या छान पडत होत्या. मळ पेटायचा, एक क्षण लाल व्हायचा आणि राख व्हायचा, कारण त्याच्यावर ठेवलेलं लाकूड मनगटाएवढं होतं आणि जमिनीवरून उचललेलं होतं. कोणीतरी सकाळी प्यायलेली शहाळी आणून शेजारी ठेवली आणि म्हणालं, हे पण टाकू या, नारळच आहे. माझ्या पोटात एकदम माया दाटून आली. अर्ध्या तासाने दादांनी घाम पुसला आणि माझ्याकडे हात केला.

"नाउ, द रिअल एक्स्पर्ट."

मी उठले आणि चालू लागले. मान वर करून. आंब्याच्या झाडात अडकलेल्या वाळक्या काड्या काढल्या, मोडून पाहिल्या. शेतावरच्या मोडक्या खराट्यातले हीर उपसले. नारळाची सुकी झावळी कुंपणावर पडलेली होती, तिची पाती घेतली. बारीक, मग बोटाएवढं, मग अंगठ्याएवढं, असे तीन ढीग केले. ओल्या मातीवर आधी जाड काटक्यांची बाज घातली, म्हणजे आग चिखलात बसणार नाही. तीन दगड लावले. यात बराच वेळ गेला. लोक कंटाळून बिस्किटं खाऊ लागले. "मावशी काय शोधतायत?" एकीने हिंदीत विचारलं. ताई तिला म्हणाल्या, "शी इज रीडिंग द फॉरेस्ट."

मी आगपेटी घेतली आणि खाली बसले. पंधरा मोबाईल वर आले. मला तीन आठवड्यांत अक्काने सगळं शिकवलं होतं, पण पंधरा मोबाईलपुढे बसायचं शिकवलं नव्हतं. काडी ओढली, छान पेटली, आणि मी लाजून पदर डोक्यावरून पुढे ओढला. पदराच्या वाऱ्याने काडी विझली.

"ती ट्रायल होती," दादा भल्या मनाने म्हणाले.

मी पदर काढून कमरेला खोचला. दुसरी काडी झावळीच्या पात्याखाली धरली, हाताचा आडोसा केला आणि खालून, अगदी खालून, हळू फुंकर घातली. पातं पेटलं, हीर पेटले, काड्यांनी टचटच आवाज केला. मी एकही काडी जास्त घातली नाही. मग बोटाएवढ्या. मग अंगठ्याएवढ्या. धूर पातळ झाला आणि आग आपापली उभी राहिली. माझी पहिली भाकरी करपली, कारण ज्योत लहान करायला मी सवयीने दगडाशेजारी बटण चाचपलं. ती करपलेलीच सगळ्यांना जास्त आवडली. त्यात म्हणे धुराची चव होती.

दादा उठून उभे राहिले आणि सगळ्यांना इंग्रजीत काहीतरी सांगू लागले. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "पाहिलंत? हे व्हिडिओ बघून येत नाही. हे यांच्या रक्तातच असतं. पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे गेलेल्या असतात. हो ना मावशी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना माझं हूं हवं होतं, आणि ते माझ्या घशात तयारही होतं. रक्तात. माझ्या रक्तात शिंपी होते. जे होतं ते साडीच्या जळलेल्या टोकात होतं, सव्वा काडेपेटीत होतं, हातावर बसलेल्या चापट्यांत होतं.

"नाही," मी म्हटलं.

दादा हसले. "म्हणजे?"

"माझं गाव जयनगर आहे, दादा. आमच्याकडे गॅस आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी पहिल्यांदा चूल पेटवली, ती पेटली नाही. मी शहाळी जाळली होती."

शहाळी आणणाऱ्याने ती हळूच पायाने मागे सारली.

"मग हे?" ताईंनी विचारलं.

"गेटवरच्या इस्त्रीवाल्या अक्काने शिकवलं. रोज सकाळी. तिला तुम्ही धुरासाठी काढताय, महिनाअखेर." माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, पण थांबत नव्हता. "तिने मला तुमच्याशी बोलायला सांगितलं होतं. मी तिला सांगितलं की बोलले. बोलले नव्हते. आता बोलले."

वारा फिरला आणि धूर सगळ्यांच्या अंगावर गेला. एक बाई खोकत उठली, दोन पावलं बाजूला गेली, मग काय वाटलं कोण जाणे, परत धुरात येऊन बसली. दादांनी एकामागून एक तीन खिशांत हात घातले आणि काहीच काढलं नाही. मी पुढची भाकरी थापायला घेतली, कारण हात रिकामे राहिले असते तर मी पळाले असते.

परतताना गाडीत ताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं."

"मी हूं म्हटलं होतं."

"हो, म्हणजे हो ना?"

"नाही, ताई. नुसतं हूं."

त्यांना हे पटलं नाही. सिग्नलला त्या परत म्हणाल्या, "पण मूळ गाव? जयनगर असं नाही, मूळचं कुठलं?"

"तिसऱ्या ब्लॉकच्या मागे," मी म्हटलं.

सोमवारी साडेसहाला मी गेटवर गेले. अक्का शेगडी भरत होती. "सांगितलंस?"

"हूं. काल."

तिचे हात थांबले. चार वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काल. म्हणजे इतके दिवस नव्हतं सांगितलंस."

"नाही."

ती परत शेगडीकडे वळली. करवंटी फोडली, काडी लावली. "वर आग, आत पाणी," ती शेवटी म्हणाली. "शहाळं आहेस तू." तेव्हापासून ती मला याच नावाने हाक मारते, वॉचमनसमोरसुद्धा.

गुरुवारी झाडावरचा कागद गेला. शुक्रवारी तिथे दुसरा लागला, रंगीत. वॉचमनने वाचला. ही गाडी म्हणजे आपल्या परिसरातील पारंपरिक कौशल्याचा जिवंत ठेवा आहे. दर शनिवारी सकाळी सभासदांना येथे अग्नी पेटवण्याचं प्रात्यक्षिक पाहता येईल. कृपया शांतता राखावी. अक्काला कोणी काही विचारलं नव्हतं. काढतानाही विचारलं नव्हतं, ठेवतानाही नाही.

"आधी माझा धूर नको होता, आता मीच पाहिजे," ती म्हणाली. "धूर बरा होता, त्याचे फोटो तरी काढत नव्हते." पण गाडी झाडाखालीच राहिली, आणि ती काही वेडी नाही. शनिवारी जे बघायला येतात त्यांच्या हातात ती विंझणा देते, कोळशाचं पोतं उचलायला लावते, आणि वर जाताना इस्त्री झालेल्या कपड्यांची बोचकी त्यांच्याच हाती पाठवते. ते सगळं ते शिकणं समजून आनंदाने करतात. काही जणांना आता बरं जमतं.

मागच्या शनिवारी मी पोह्यांना कांदा चिरत होते. ताई खोकत स्वयंपाकघरात आल्या. "मावशी, ती खिडकी लावा जरा. एवढा धूर कोण करतंय?"

मी खाली वाकून पाहिलं. दादा चौदा खिशांची पँट घालून शेगडीपुढे उकिडवे बसले होते आणि जोरजोरात वरून वारा घालत होते. शेगडी तोंडापर्यंत भरलेली होती. अक्का कमरेवर हात ठेवून त्यांच्यामागे उभी होती. "केळगिंदा," ती ओरडत होती, म्हणजे खालून, खालून. दादांना इथे येऊन सात वर्षं झाली, पण तेवढं कन्नड त्यांना अजून यायचं आहे. ते मान हलवून आणखी जोराने वरून घालत होते. धूर सरळ आमच्या खिडकीत येत होता.

"दादा करतायत," मी म्हटलं.

ताई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. वाकून खाली बघू लागल्या. तेवढ्यात अक्काने दादांच्या हातावर एक चापट मारली.

"लावू का खिडकी?" मी विचारलं.

"हूं," ताई म्हणाल्या.

मी त्याचा अर्थ विचारला नाही. खिडकी उघडीच ठेवली आणि कांदा पुढे चिरायला घेतला.